प्लग-इन हायब्रिड : बॅटरी भरलेली असताना इंजिन का सुरू होतं? (मदत हवी आहे)

मंडळी,
प्लग-इन हायब्रिड (प्लगला लावून भरायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही असलेली गाडी) घेऊन काही आठवडे झाले. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'हीच का घेतली'कडे वळेल.

रोजचं जाणं-येणं विजेवर आरामात होतं. रात्री साध्या सॉकेटला लावून ठेवते, सकाळी बॅटरी भरलेली. गर्दीत रांगताना ना आवाज, ना गिअरचे धक्के. आता जुनी पेट्रोल गाडी नकोशी वाटते. डिकी मात्र लहान, त्यात चार्जिंगची केबल. डिस्प्लेवरच्या मायलेजवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण त्यात फक्त पेट्रोल मोजलंय, वीज धरलेलीच नाही.

आता मूळ प्रश्न. ईव्ही मोड (फक्त विजेवर चालायचा) चालू, बॅटरी जवळजवळ पूर्ण, तरी इंजिन मधेच जागं होतं. थंडीत काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावला की हमखास. ओव्हरटेक करताना पॅडल पूर्ण दाबलं तर समजू शकते, पण उतारावर, पाय ब्रेकवर असताना? सर्व्हिस सेंटरवाले "नॉर्मल आहे" म्हणून मोकळे झाले.

खरी काळजी पुढची आहे. इंजिन दोन-चार मिनिटं चालतं आणि नीट तापायच्या आत बंद होतं. थंड इंजिनावर लहान फेऱ्या मारल्या की न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये उतरतो, हे सगळेच सांगतात. इथे गाडी स्वतःच रोज तेच करतेय! शिवाय बहुतेक किलोमीटर विजेवरचे, मग ऑइल बदलायचं कशाच्या हिशोबाने? टाकीतलं पेट्रोलही संपता संपत नाही. ते खराब होतं का?

आणि लांबच्या प्रवासात बॅटरी आधी संपवायची की राखून ठेवायची? चार्ज मोड (चालता चालता इंजिनाने बॅटरी भरायचा) कधी वापरावा?

प्रतिसाद
हीटरचं कारण सोपं आहे. बऱ्याच मॉडेलांत केबिनची ऊब इंजिनच्या कूलंटमधूनच (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातूनच) येते, त्यामुळे इंजिन चालवण्यावाचून गत्यंतर नसतं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारी यंत्रणा) असला तर हे कमी होतं, पण कडाक्याच्या थंडीत त्यातल्या काही गाड्याही इंजिनाकडे वळतात. गाडी प्लगला असतानाच केबिन गरम करून घेता येतं का बघा. सीट हीटर असेल तर तो वापरा, त्याला फार कमी वीज लागते.
उतारावर ब्रेकिंगमधून वीज तयार होते. बॅटरी भरलेली असेल तर ती ठेवणार कुठे? म्हणून काही गाड्या इंजिन फिरवून वेग रोखतात. घरातून निघताच मोठा उतार असेल तर चार्जिंग थोडं आधी थांबवा.

प्रतिसाद
ऑइल किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल त्यावर बदला. तुमच्या बाबतीत बहुधा महिनेच. मधूनमधून इंजिन सलग अर्धा तास तरी चालू द्या, म्हणजे ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जाईल.
पेट्रोलचं म्हणाल तर अशा गाड्यांची टाकी बहुधा हवाबंद असते. बटण दाबल्यावर झाकण उघडायला वेळ लागतो तो आतला दाब सोडण्यासाठीच. तरी टाकी गच्च भरू नका. शेवर्ले व्होल्ट या प्लग-इन हायब्रिडमध्ये सुमारे ६ आठवडे इंजिन चाललं नाही की गाडी स्वतः ते सुरू करायची, आणि पेट्रोल सरासरी वर्षभर जुनं झालं की तेही जाळायची.
हायवेवर सलग वेगात इंजिन चांगलं चालतं, म्हणून बॅटरी शेवटच्या गर्दीच्या टप्प्यासाठी राखा. चार्ज मोड विसरा. पेट्रोलची वीज करून साठवायची आणि पुन्हा मोटरला द्यायची, यात दर टप्प्यावर ऊर्जा वाया जाते.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. उताराचा उलगडा झाला, आमचा रस्ता निघताच खाली जातो! पण माझ्या गाडीत चार्जिंगची मर्यादा ठरवायची सोयच दिसत नाही, फक्त टायमर आहे. टायमरवर अंदाजाने आधी बंद करणारं कोणी आहे का इथे?