कॉकपिटमधला कॅमेरा : चौकशीसाठी की पाळतीसाठी?

सांताक्रूझकर
गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर अहमदाबादच्या एअर इंडिया विमान अपघातावर लिहिताना एका सदस्याने विचारले होते, 'वैमानिकांजवळ लपवण्यासारखे काही नसेल, तर कॉकपिटमधल्या कॅमेऱ्याला त्यांची हरकत का असावी?' हे वाक्य मला फार लागले, म्हणून सविस्तर लिहितो. मी 31 वर्षे विमानांच्या देखभालीत काढली. जुन्या विमानांतला, कॉकपिटमधले आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक शेकडो वेळा तपासला : टेस्टचे बटण दाबून धरायचे, काटा हिरव्या पट्ट्यात स्थिरावला की वहीत सही करायची. त्याच पॅनेलवर मुद्रण पुसण्याचे, 'इरेज'चे बटण असते, आणि ते विमान जमिनीवर, पार्किंग ब्रेक लावलेला असतानाच चालते. हे बटण तिथे चुकून राहिलेले नाही. आपल्या डोक्यावर सतत उघडा असलेला मायक्रोफोन वैमानिकांनी मान्य केला, तो मुद्रण अपघाताच्या तपासापुरतेच वापरले जाईल या विश्वासावर. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा विश्वास कोण राखणार, हे त्याचा आग्रह धरणारे कोणीच सांगत नाहीत.

नित्यप्रवासी
तो प्रश्न विचारणारा सदस्य मीच. आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण आपण अहमदाबादला बगल दिलीत. जुलै 2025 च्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. एक वैमानिक दुसऱ्याला इंधन का तोडले असे विचारतो, आणि दुसरा आपण तसे केले नसल्याचे सांगतो. कोणी कोणाला विचारले, हे अहवालात नाही. 260 माणसे गेली. यंत्राने स्विचची स्थिती नोंदवली, हात नोंदवला नाही. त्या मोकळ्या जागेत ज्याने त्याने आपापला संशय भरला आणि कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. कॅमेरा असता तर तो कदाचित त्या कॅप्टनचाच साक्षीदार ठरला असता, हे आपल्याला का दिसत नाही? अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने अशा कॅमेऱ्याची शिफारस 2000 सालीच केली आहे.

सांताक्रूझकर
ती शिफारस मला ठाऊक आहे. वैमानिकानेच विमान पाडल्याचा संशय असलेल्या 1999 च्या इजिप्तएअर आणि 1997 च्या सिल्कएअर अपघातांची पार्श्वभूमी तिला होती. पण सिल्कएअरच्या विमानात आवाजाचा आणि उड्डाणाच्या नोंदींचा असे दोन्ही मुद्रक विमान कोसळण्याआधीच बंद पडले होते. मायक्रोफोन बंद होऊ शकतो, तसा कॅमेराही होऊ शकतो. जर्मनविंग्जच्या वेळी, मार्च 2015 मध्ये, सहवैमानिकाने मुद्दाम विमान पाडले, तेव्हा तपासनिसांना आवाजच पुरला : बाहेर अडकलेल्या कॅप्टनचे दार ठोठावणे आणि आत सहवैमानिकाचा शांत श्वास. चित्रीकरणाने ते 150 जीव वाचले नसते.

बारामतीची लेक
माझे वडील एका खासगी कंपनीची रात्रीची बस चालवत. केबिनमध्ये कॅमेरा बसवला, तेव्हा 'सुरक्षेसाठी आहे' असेच सांगितले होते. तिसऱ्या महिन्यात पगारातून 500 रुपये कापले गेले. व्यवस्थापकाने वडिलांना मोबाइलवर त्यांचेच चित्रीकरण दाखवले : पहाटे साडेतीनला दिलेल्या तीन जांभया. ती त्यांची सलग सहावी रात्र होती, आणि ड्युटीचा तक्ता त्याच माणसाच्या टेबलावर काचेखाली होता. जांभई दिसली, तक्ता दिसला नाही.

म्हणून मला मंगळूरचा विमान अपघात आठवतो. मे 2010 मध्ये 158 माणसे गेली. ध्वनिमुद्रणात कॅप्टनचे घोरणे ऐकू आले आणि अहवालाने झोपेच्या अंमलाचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे यंत्राने आपले काम चोख केले होते. तरीही वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर आणि रात्रीची लँडिंग 6 वरून 2 वर यायला 2025 साल उजाडले. डिसेंबरात हजारो उड्डाणे रद्द झाल्यावर त्या नियमांतही सवलत दिली गेली. जे ऐकू आले त्यावर पंधरा वर्षे घालवली, ते जे दिसेल त्यावर काय करणार आहेत?

नित्यप्रवासी
ताई, आपल्या वडिलांवर अन्याय झाला, हे मान्य. पण विश्रांतीच्या तासांसाठी वेगळा धागा काढावा. इथे विषय कॅमेऱ्याचा आहे, आणि प्रत्येक वेळी वैमानिकांचा थकवा पुढे करून मूळ प्रश्न टाळला जातो.

बारामतीची लेक
मी काहीही टाळलेले नाही. थकलेल्या माणसावर कॅमेरा रोखायचा आणि त्याला थकवणाऱ्या तक्त्याची चर्चा करायची नाही, हाच मूळ प्रश्न टाळणे आहे. माझ्या वडिलांची गोष्ट आपल्याला विषयांतर वाटत असेल, तर आपण ती नीट वाचलेली नाही.

रनवे सत्तावीस
मी प्रवासी विमानांवर सहवैमानिक आहे. थकव्याबद्दल ताईंचे शब्द न् शब्द खरे आहेत. सलग रात्रींनंतर पहाटेच्या लँडिंगला स्वतःचाच आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. तरीही माझ्या संघटनेतल्या अनेकांना रुचणार नाही असे लिहितो. अहमदाबादनंतर घरी आईने मला विचारले, 'तुमच्यातलाच कोणी असे करतो का रे?' त्या दिवसापासून मला वाटते की कॅमेरा असावा. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दस्तऐवजांतही बसलेल्या वैमानिकांचे डोके आणि खांदे चित्राबाहेर ठेवता येतील अशा रचनेची मुभा आहे. पॅनेल, लिव्हर आणि हात दिसले की तपासाला पुरते. जांभई त्यात येणारच नाही.

सांताक्रूझकर
हे आधी कोणी मांडले असते, तर माझे निम्मे लिखाण वाचले असते. केवळ हात आणि पॅनेल, चित्रीकरण सांकेतिक कुलपात, आणि त्याची किल्ली फक्त विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी एएआयबीकडे, कंपनीकडे कदापि नाही, असा कायदा आधी होत असेल, तर माझा विरोध राहत नाही. आनंदाने म्हणत नाही. आणि माझी शेवटची अट आहे ती 'इरेज'ची : उड्डाण सुखरूप संपल्यावर चित्रीकरण पुसण्याचा हक्क वैमानिकाकडेच राहावा.

नित्यप्रवासी
किल्ली एएआयबीकडे, हे मान्य. चेहरा नको, हेही मान्य. 'लपवण्यासारखे' हा माझा शब्द मी मागे घेतो. पण पुसण्याचे बटण मला मान्य नाही. जानेवारी 2024 मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानात न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेले झाकण हवेत उडून गेले, विमान सुखरूप उतरले, आणि मुद्रक शेवटचे दोन तासच राखून ठेवत असल्यामुळे त्या प्रसंगाचा आवाज पुसला गेला. तिथे कोणी बटण दाबलेही नव्हते. त्यानंतर अमेरिकेने 25 तासांचे मुद्रण राखण्याचा कायदा केला. सुखरूप उतरलेल्या विमानातूनच शिकण्यासारखे सर्वाधिक असते, आणि आपण नेमके तेच पुसायला निघाला आहात.

बारामतीची लेक
25 तास ठेवा. त्या 25 तासांत वैमानिक किती वेळ झोपला होता, याची नोंदही त्याच कुलपात ठेवा.