उ: विश्वास आधी की रस्ते आधी?

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की दंगल-युद्धानंतर सरकारने रस्ते, वीज, रेशन सुरळीत केलं की लोकांचा विश्वास आपोआप परत येतो. मला नाही पटत.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. २००२ च्या दंगलीतल्या कर्फ्यूत वीज होती, नळाला पाणी होतं. तरी आई रात्री दोनदा उठून कडी तपासायची. तिच्या लेखी सरकार म्हणजे नाक्यावरचा पोलीस, आणि तो हाकेला येईल का, एवढाच प्रश्न. (आम्ही तर त्यातल्या त्यात सुरक्षित भागातले. ज्यांची घरं जळली त्यांचं काय?)

त्याच शहरातल्या बेस्ट बेकरी खटल्यात (त्या दंगलीत बेकरी जाळून माणसं मारल्याचा खटला) २००३ साली सगळे २१ आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी गुजरातबाहेर, महाराष्ट्रात घ्यायला लावली. साक्ष देणाऱ्याला घरी सुखरूप परतायची खात्री नसेल, तर कोर्टाची इमारत कितीही चकाचक असो, काय उपयोग?

उत्तर आयर्लंडचं बघा. कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या करारानंतर तिथे पोलीसदलच बदललं. २००१ पासून नवं नाव, आणि भरतीत निम्मे कॅथलिक. २०११ मध्ये ही अट काढली तेव्हा जेमतेम ८ टक्क्यांवरून त्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. दहा वर्षं लागली हो! आणि दोन्ही समाजांच्या वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्याच आहेत तिथल्या बेलफास्ट शहरात.

रस्ता वर्षभरात होतो. आईची कडी तपासायची सवय मात्र पुढे कितीतरी वर्षं गेली नाही.