मदत हवी आहे: पुरातन भिंतींच्या माथ्यावर गवत ठेवावं का?

एका पुरातन वसाहतीच्या अवशेषांभोवतीच्या परिसराचा आराखडा करतेय. चुन्यात बांधलेल्या, कमरेएवढ्या उरलेल्या दगडी भिंती. चार महिने मुसळधार पाऊस, मग कोरडं ऊन. खोदकामाला मनाई आहे. लॉन आणि ठिबक आधीच बाद केलं, कारण पायाशी सतत ओल राहिली की क्षार वर चढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं कापड), त्यावर धुतलेली वाळू आणि वर मातीचा पातळ थर देऊन उथळ मुळांची स्थानिक गवतं लावतोय. तो भाग ठीक चाललाय. वड-पिंपळाची रोपं कोवळी असतानाच हाताने काढतो.

(सगळंच उपटून टाका, हा सल्ला कृपया नको. इंग्रज वनस्पती-अभ्यासक रिचर्ड डीकिन यांनी 1855 साली रोमच्या कोलोसियममधल्या 420 वनस्पतींची नोंद केली होती. अवशेषांची वनस्पतीसृष्टी हाही वारसाच.)

अडलंय ते भिंतींच्या माथ्यावर. इंग्लंडमध्ये काही भग्न भिंतींच्या माथ्यावर माती आणि गवताचा थर देतात. त्याने आतलं तापमान फार वरखाली होत नाही आणि गोठण्याने होणारी झीज कमी होते. इथे मुळात काही गोठतच नाही. उलट उन्हाळ्यात गवत वाळून आगीची भीती. चुन्याचा उतार देऊन पाहिला, त्याला एका पावसाळ्यात तडे गेले. सिमेंट अर्थातच चालणार नाही.

अशा हवामानात माथ्यावर गवताचा थर कुणी प्रत्यक्ष टिकवलाय का? मातीची जाडी किती ठेवली, आणि पाणी न घालता उन्हाळ्यात कोणती गवतं तगली?