मेल दडवला तर सोसावंच लागेल

बुटीबोरीवाला
परवा इतवारीधागा यांनी इथे लिहिलं की व्यावसायिक न्यायालयात "एखादा व्हॉट्सॲप संदेश सुरुवातीला जोडला नाही म्हणून नंतर घेतच नाहीत, हा छोट्या व्यापाऱ्याचा गळा घोटणं आहे, उशिरा आला तरी खरा कागद खराच". दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

नागपूरजवळ बुटीबोरीत माझं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. एका मोठ्या कंपनीला टाक्या करून दिल्या, 32 लाख अडकले. व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा अर्ज केला, ते फिरकलेच नाहीत. मग दावा लावला. लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या उत्तरात, त्यांनी लिहिलं, माल सदोष होता, आम्ही स्वीकारलाच नाही. अहो, त्यांच्याच साइट इंजिनिअरने टाक्यांत पाणी भरून चाचणी घेतली आणि माझ्यासमोर लॅपटॉपवरून मुख्य कार्यालयाला मेल टाकला. मी शेजारी उभा होतो. प्रत मात्र माझ्याकडे नव्हती. आम्ही तो मेल मागितला तर शपथेवर उत्तर आलं, सर्व्हर बदलला, जुने मेल उपलब्ध नाहीत. आणि त्याच महिन्यातले माझ्या विरोधातले दोन मेल त्यांनी स्वतःच कैफियतीला जोडले होते!

न्यायाधीशांनी नेमकं तेच विचारलं, हे दोन कुठून आले? उत्तर नव्हतं. प्रतिकूल अनुमान काढलं, म्हणजे दडवलेला मेल त्यांच्या विरोधातलाच असणार असं धरलं, वर खर्च लावला. हुकूमनामा मला मिळाला. तो नियम सैल असता तर मी आज युनिट विकून बसलो असतो. म्हणून सांगतो, कागद दडवणाऱ्याला सोसावं लागलंच पाहिजे.

इतवारीधागा
भाऊ, तुमचं दुःख मला समजते. पण तुम्ही दडवण्याबद्दल बोलून राहिले, मी राहून जाण्याबद्दल. दोन्ही एकच का?

माझं ऐका. सुताचा व्यापार, 11 लाखांची उधारी. दाव्यात बिलं, चलान, खातेउतारा सगळं लावलं. समोरचा म्हणाला, अर्धा माल आलाच नाही. वर्षभराने कळलं की आमच्या सेल्समनच्या फोनवर त्याच माणसाचा संदेश होता, "सगळे गठ्ठे मिळाले, दिवाळीनंतर पैसे देतो." याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता? अर्ज दिला, नामंजूर. म्हणे फोन तुमच्याच माणसाचा, म्हणजे कागद तुमच्याच ताब्यात, आधी का नाही आणला? सेल्समन तर केव्हाच नोकरी सोडून गेला होता! साडेपाच लाखांवर पाणी सोडलं. पैसे बुडवणारा खोटं बोलून सुटला अन् खरं बोलणारा मी तंत्रात अडकलो.

काळाकोट
दोघंही दोन वेगळ्या नियमांबद्दल भांडताय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 चं जे रूप व्यावसायिक न्यायालयांना लागू आहे, त्यात स्वतःच्या बाजूचा कागद आधी दिला नाही, तर त्यावर विसंबता येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते आणि उशिराचं वाजवी कारण सिद्ध करावं लागतं. हे इतवारी यांचं प्रकरण. विरुद्ध बाजूने मागितलेला कागद नाकारला, तर प्रतिकूल अनुमान आणि खर्च. हे बुटीबोरी यांचं. प्रतिकूल अनुमान नवं नाही, गोपाळ कृष्णाजी केतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 सालीच सांगितलं की ज्याच्याकडे उत्तम पुरावा आहे त्याने तो रोखला, तर सिद्धतेचा भार त्याच्यावर नसला तरी अनुमान त्याच्या विरोधात जाऊ शकतं. महत्त्वाचा कागद दडवून मिळवलेला हुकूमनामा म्हणजे न्यायालयाची फसवणूक, हे चेंगलवराय नायडू प्रकरणात 1993 साली ठरलं.

यादी "सर्व" दस्तऐवजांची द्यायची असते, आपल्या विरोधातलेही. पक्षकार हे ऐकून घेत नाहीत. अमेरिकेत क्वालकॉम विरुद्ध ब्रॉडकॉम या चिप कंपन्यांच्या खटल्यात क्वालकॉमचे 46 हजारांहून जास्त ईमेल सुनावणी संपेपर्यंत बाहेर आले नव्हते. 2008 मध्ये क्वालकॉमला सुमारे 85 लाख डॉलर भरावे लागले आणि वकिलांनाही चौकशीला तोंड द्यावं लागलं. दोन वर्षांनी वकील सुटले, कंपनीची नामुष्की राहिली.

ताळेबंदताई
काळाकोट दादा, क्वालकॉमचं राहू द्या, नागपूरचं बोला. वीस वर्षं हिशेब सांभाळतेय. वकिलाकडे गेलं की मागतात काय? बिलं, चलान, खातेउतारा. "मेल कोणाचे, ग्रुप कोणते, फोन कोणाचे" हे मला आजवर एकाही वकिलाने विचारलेलं नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी शपथेचं छापील प्रकटन पुढे सरकवतात, "इथे सही करा". मालक सही करतो. त्यात लिहिलेलं असतं की माझ्या ताब्यातले सगळे दस्तऐवज दिले, आता काही शिल्लक नाही. वाचलंय कोणी ते? पुढे संदेश सापडला की पक्षकार शपथेवर खोटा ठरतो, वकील पुढच्या पेशीला नवी फी घेतो.

इतवारीधागा
ताई, अगदी माझ्या मनातलं! मला कोणी विचारलं असतं तर मी त्याच दिवशी त्या सेल्समनच्या घरी गेलो असतो.

काळाकोट
सगळे वकील एकाच मापाने मोजू नका. मी पहिल्या बैठकीत विचारतो आणि ऐकायला मिळतं, "साहेब, तेवढं नका पाहू, त्यात कच्च्याचं पण आहे." व्यापाऱ्यालाच फोन उघडायचा नसतो, कारण त्यात बिलाशिवायचा धंदाही दिसतो. मग मी कोणत्या तोंडाने "सर्व दस्तऐवज" म्हणून यादी द्यायची? खोट्या शपथेचा धोका मी का घ्यायचा?

इतवारीधागा
कच्च्याचा विषय इथे काढायचं काहून? माझा एकही व्यवहार कच्चा नाही. शब्द मागे घ्या.

काळाकोट
तुमच्याबद्दल म्हटलेलं नाही. तरी लागलं असेल तर मागे घेतो.

सर्व्हरसांभाळणारा
मूळ घोळ फोनचा आहे, त्यावर कोणी बोलतच नाही. हिंगण्यातले निम्मे कारखाने खरेदी-विक्री नोकरांच्या स्वतःच्या फोनवर करतात. माणूस गेला की सिम गेलं, सिम गेलं की इतिहास गेला. वर "गायब होणारे संदेश" चालू ठेवतात. मी एका ठिकाणी विनवलं की कंपनीचा नंबर घ्या, महिन्याला संवाद निर्यात करून ठेवा. मालक म्हणाला खर्च कशाला. सहा महिन्यांत दावा लागला आणि मलाच रात्री अकरा वाजता बोलावलं, हटवलेलं परत आण म्हणून. आणता येत नाही प्रत्येक वेळी!

ताळेबंदताई
नोकर तरी स्वतःचा फोन का द्यायचा? त्यात त्याच्या बायकोचे संदेश, मुलांचे फोटो, दवाखान्याचे कागद. मी दिला होता एकदा. तीन दिवस ऑफिसातल्या मुलांच्या हातात माझा फोन होता. ते दिवस मी विसरले नाही. मालकाला पुरावा हवा असेल तर मालकाने फोन घेऊन द्यावा.

सर्व्हरसांभाळणारा
ताई, तुमच्याशी सहमत. पण निवडक संवाद निर्यात करता येतो, अख्खा फोन द्यायची गरज नसते. चूक तो फोन मागणाऱ्याची.

बुटीबोरीवाला
फोन कोणाचा यावरच रात्र जाईल. मला एवढंच सांगा, मालकाने धंदा नोकराच्या फोनवर चालवला, तर "माझ्या ताब्यात नव्हता" हे कारण त्याने पुढे करायचं का? मग मोठी कंपनीही उद्या हेच म्हणेल. इंजिनिअर गेला, लॅपटॉप गेला, मेल गेला. मी कुठे जाऊ?

इतवारीधागा
तुमच्या कंपनीकडे शंभर माणसं अन् कायदा विभाग. माझ्याकडे मी, भाचा अन् एक दिवाणजी. दोघांना एकच काठी?

काळाकोट
काठी एकच, पण न्यायालयाला कारण पाहायची मुभा आहे. सुधीर कुमार विरुद्ध विनय कुमार, सर्वोच्च न्यायालय, 2021: दाव्याच्या वेळी कागद खरोखर ताब्यात नव्हता आणि नंतर सापडला, तर वाजवी कारणाची ती कडक अट लागू होत नाही. सेल्समन आधीच गेला होता आणि फोन त्याचा होता, तर हा मुद्दा ठासून मांडायला हवा होता. दुसरं, प्रतिवादीने कैफियतीत नव्याने काढलेल्या मुद्द्याला उत्तर म्हणून दिलेला कागद या नियमाच्या बाहेर राहतो. "माल आलाच नाही" हे त्यांनी पहिल्यांदा कैफियतीत म्हटलं असेल, तर संदेश त्याच्यावरच उत्तर होता. तुमच्या अर्जात हे दोन्ही होतं का?

इतवारीधागा
अर्जात एकच ओळ होती: "अनवधानाने राहून गेले."

काळाकोट
मग नामंजूर होणारच होता. याला मी वकिलाची चूक म्हणतो. ताईंचं तेवढं म्हणणं मान्य.

ताळेबंदताई
मान्य करायला किती वेळ लावलात.

सर्व्हरसांभाळणारा
एक भर घालतो. संदेशाची प्रत घेतली असती तरी ती अस्सल असल्याचं प्रमाणपत्र लागलंच असतं, मूळ फोनच हजर केला तर गोष्ट वेगळी. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर, 2020, ते अनिवार्य ठरलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्या प्रमाणपत्राचा भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा. पाचपन्नास हजारांच्या वादातही तज्ज्ञ शोधत फिरायचं का, हे मला पटत नाही.

बुटीबोरीवाला
तेवढ्या रकमेचा वाद तर व्यावसायिक न्यायालयात येतच नाही, तीन लाखांची मर्यादा आहे. तज्ज्ञाचा खर्च छोट्याला जड जातो, हे मान्य. पण मेल दडवणाऱ्याला सूट द्या, हे नाही.

इतवारीधागा
दडवणाऱ्याला सूट मी कधीच मागितली नव्हती. आदेशाची प्रत माझ्याकडे आहे, नऊ महिने झाले. काळाकोट, त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अजून चालेल का?

काळाकोट
संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली नागपूर खंडपीठात जाता येतं, पण नऊ महिन्यांचा उशीर समजावून सांगावा लागेल. दाव्याचा निकाल लागला असेल तर रिट नको, अपिलात हाच मुद्दा घ्या. आदेश, कैफियत आणि तुमचा अर्ज तिन्ही घेऊन या. आणि त्या सेल्समनला आजच फोन करा, संदेश अजून त्याच्या फोनवर आहे का ते विचारा.

इतवारीधागा
केला. त्याने मागच्या महिन्यात फोन बदलला. जुना भावाकडे दिला आहे, भाऊ काटोलला. उद्या सकाळी निघतो.