फ्लॉवरहॉर्न लेझरच्या ठिपक्यामागे धावतो – डोळ्यांना धोका आहे का?

तीनफुटी (डोंबिवली)

नमस्कार. आमच्याकडे तीन फुटी टाकीत एकटाच फ्लॉवरहॉर्न मासा आहे. दीड वर्षाचा, आठ इंच, नाव गोट्या. मागच्या महिन्यात माझ्या मुलाने (वय ९) जत्रेतून दीडशे रुपयांचा हिरवा लेझर आणला. पहिल्याच रात्री त्याने रेतीवर ठिपका टाकला आणि गोट्या असा काही झेपावला की आम्ही सगळे टाकीपुढे बसूनच राहिलो. तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की दहा-पंधरा मिनिटं हाच खेळ.

आता दोन गोष्टी खटकतायत. ठिपका पकडायला तो रेतीत तोंड आपटतो, त्याने वरच्या ओठाचं कातडं सोललंय. आणि लेझर बंद केला तरी बराच वेळ कोपऱ्याकोपऱ्यात ठिपका शोधत फिरतो, पेलेट (खाद्याचे दाणे) टाकले तरी वळत नाही. परवा सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याच्या डोळ्यात जात असेल ते." तेव्हापासून मनातून जात नाही. लेझरवर '५ मिलीवॅटपेक्षा कमी' असा स्टिकर आहे. डोळ्यावर न मारता फक्त रेतीवर मारला तर चालेल का? पोराचा जीव अडकलाय त्यात, म्हणून एकदम बंद करण्याआधी विचारतेय.

फायटरप्रेमी

माझ्या फायटर माशाला दोन वर्षं लाल लेझर दाखवतोय. मस्त पर फुलवतो, खातो-पितो, काही झालेलं नाही. डोळ्यात मारू नका म्हणजे झालं.

जुनी प्रयोगशाळा (सांगली)

ताई, मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली, आणि घरातल्या टाक्या त्याहून जुन्या आहेत. तुमच्या सासूबाईंची शंका रास्त आहे. खेळ बंद करा. कारण नीट लिहितो, कारण पोराला नुसतं 'नको' म्हटलं तर तो तुम्ही घरात नसताना खेळेल.

आधी तो स्टिकर. लेझरचे वर्ग माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहेत. दिसणाऱ्या प्रकाशात १ मिलीवॅटपर्यंतचा लेझर दुसऱ्या वर्गात येतो आणि तो बराच निर्धोक धरतात, कारण डोळ्यावर झगझगीत उजेड आला की साधारण पाव सेकंदात आपण पापणी मिटतो किंवा मान वळवतो. सगळा हिशेब त्या पाव सेकंदावर उभा आहे. गोट्याला पापणीच नाही. बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी उजेडात बारीक होत नाही (प्लेको वगैरे थोडे मासे अपवाद). आणि आपण उजेडापासून तोंड फिरवतो, तर फ्लॉवरहॉर्न त्याच्यावर चालून जातो. त्यात तुमच्या लेझरची शक्ती १ मिलीवॅटच्या पाचपटीपर्यंत असू शकते, तेही स्टिकर खरा असेल तर.

बांगडा खाताना त्याच्या डोळ्यातून पांढरा टणक मणी निघतो, तो बघितला असेल. ती माशाची लेन्स. जिवंतपणी ती पारदर्शक असते. पाण्यात डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याकडून प्रकाश फारसा वाकत नाही, म्हणून सगळं काम ती गोल, दाट लेन्स करते. लेझरच्या सरळ किरणाला ती डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, बारीकशा बिंदूत गोळा करते.

आता 'रेतीवरच मारू' याबद्दल. मीही माझ्या ऑस्कर माशाशी हा खेळ काही महिने खेळलोय, आणि मलाही असंच वाटायचं. एकदा रिकामी टाकी धुऊन भरली, पाण्यात चार थेंब दूध टाकलं, वर अगरबत्तीचा धूर केला, खोलीत अंधार केला आणि लेझर लावला. दुधामुळे किरणाची रेघ पाण्यात स्पष्ट दिसत होती. समोरच्या काचेतून किरण किंचित वर गेला की पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुरताच्या पुरता परत खाली येत होता. पाण्याच्या आतून बघितलं तर पृष्ठभागावरच्या उभ्या रेषेपासून ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरप्या येणाऱ्या किरणाला तो आरसाच असतो. समोरून हातात धरलेला लेझर बहुतेक वेळा त्याच्याही पलीकडेच असतो. पाण्याखालून परतलेला तो किरण मग मागच्या काचेतून सरळ बाहेर पडत होता. तिथे कोणाचं पोर उभं असेल तर? मी लगेच खिडकीकडे पाहिलं, कारण माझी नात नेहमी त्याच बाजूने टाकीला नाक लावून उभी असायची. त्या दिवशी ती नव्हती. फिल्टर चालू केल्यावर तर पाणी हलायला लागलं आणि परतलेला ठिपका कुठे जाईल याचा नेमच उरला नाही. नऊ वर्षांच्या मुलाचा हात, धावणारा मासा, हलतं पाणी. यात 'फक्त रेतीवर' जमत नाही.

हिरव्याची आणखी एक गोष्ट. स्वस्त हिरव्या लेझरच्या पोटात बहुधा ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा, डायोड असतो. तो एका स्फटिकाला उद्दीपित करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. उरलेला अवरक्त अडवायला गाळणी लागते, आणि स्वस्त मालात ती कधी कधी बसवलेलीच नसते. २०१० मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या शास्त्रज्ञांना अशा एका लेझरमधून हिरव्यापेक्षा अवरक्तच जास्त बाहेर पडताना आढळला. तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. तुमच्या मुलाच्या डोळ्यांसाठीही हे लिहितोय. हिरवा ठिपका फिका पडला तरी अवरक्त येतच असू शकतो, म्हणून 'अंधुक झालाय, आता चालेल' असं समजू नका.

ओठाचं म्हणाल तर मिठा-औषधाच्या आधी खेळ थांबवा, पाणी स्वच्छ ठेवा, सोललेलं बहुतेक भरून येतं. पांढरा कापसासारखा थर दिसला तर मात्र थांबू नका, लगेच विचारा. बंद केल्यावर शोधत राहणं मला ओठापेक्षा जास्त लागतं. ठिपका कधीच हाती लागत नाही, शिकार कधी पुरी होत नाही.

त्याऐवजी हे करा. प्लास्टिकच्या लांब काडीच्या टोकाला लाल मणी पक्का बसवा. मणी सुटून पाण्यात पडता कामा नये. मण्याला तोंड लावलं की लगेच एक पेलेट. पाच मिनिटं, दिवसातून एकदा, खोलीचा दिवा लावून. फ्लॉवरहॉर्न हुशार असतो, आठवड्याभरात काडी दिसली की पुढे येईल.

फायटरप्रेमी

काका, पण नॉर्वेत सॅमन माशांच्या अंगावरच्या उवा लेझरनेच मारतात ना? मग सॅमन आंधळे होत नाहीत का?

जुनी प्रयोगशाळा (सांगली)

मारतात, खरं आहे. पण तिथे कॅमेरा आधी ऊ ओळखतो आणि अगदी क्षणभराचा स्पंद नेमका तिच्यावर सोडतो. आपल्या हातात तो कॅमेराही नाही आणि तो नेमही नाही.

तुमच्या फायटरचं एक करून बघा. लेझर बाजूला ठेवा. आधी डाव्या बाजूने काचेवरून हळू बोट न्या, मग उजव्या बाजूने. दोन्हीकडून सारखा वळतो का? एका डोळ्याने कमी दिसणारा मासाही वासावर आणि अंगावरच्या पार्श्वरेषेवर (पाण्याची हालचाल जाणणारी रेघ) व्यवस्थित खातो, त्यामुळे 'खातो-पितो' यावरून डोळ्याचं काही कळत नाही. झेब्राफिशचा खराब झालेला दृष्टिपटल पुन्हा वाढतो हे खरं, पण त्या भरवशावर कोणाच्या डोळ्यात उजेड घालू नये. वळला नाही तर इथे लिहा, लाजू नका.

फायटरप्रेमी

बघितलं. दोन्हीकडून वळतो. तरी लेझर टाकून दिला.

तीनफुटी (डोंबिवली)

काका, मनापासून आभार. तुमचं लिहिणं मुलाला अख्खं वाचून दाखवलं. बांगड्याच्या मण्याशी तो थांबला, कारण रविवारीच त्याने तो ताटातून काढून खेळायला घेतला होता. लेझरचे सेल मी काढून ठेवलेत. काडीला माझ्या जुन्या माळेतला मणी सुतळीने घट्ट बांधला. पहिले तीन दिवस गोट्या कोपऱ्यातच ठिपका शोधत होता, मला फार वाईट वाटलं. चौथ्या दिवशी मण्याला धक्का दिला. आज अकरावा दिवस, ओठ जवळजवळ भरलाय. काडी बहुतेक वेळा सासूबाई धरतात.

आणि एक. आरशाचं ते वाचल्यावर मुलगा टाकीपुढे जमिनीवर बसला, मान वर करून पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून बघत राहिला. मग मला ओढून खाली बसवलं. वर पाणी चांदीसारखं चमकत होतं आणि त्यात गोट्याच्या डोक्यावर दुसरा गोट्या उलटा पोहत होता.