वित्तीय ज्ञापनात तिजोरीचा खर्च असतो, लोकांचा हिशेब कोण मांडणार?

डिचोलीकर

गोवा विधानसभेत मांडलेलं कुठलंही सरकारी विधेयक उघडा आणि शेवटची पानं वाचा. उद्देश आणि कारणं दिलेली असतात, त्यानंतर वित्तीय ज्ञापन. तिजोरीवर किती भार पडेल एवढंच त्यात सांगायचं असतं. अनेकदा ‘वित्तीय भार नाही’ या एका वाक्यावर ते संपतं. सरकारला खर्च नाही म्हणजे कुणालाच नाही का? नव्याने परवाना काढावा लागणारा गाडेवाला, दोन खोल्या पर्यटकांना देणारी काणकोणातली बाई, शेजारच्या जमिनीचा झोन बदलल्यामुळे ज्याच्या शेतातलं पाणी अडतं तो शेतकरी, यांच्यापैकी कुणाचाही खर्च कागदावर येत नाही.

माझी मागणी अशी. प्रत्येक विधेयकासोबत आणि महत्त्वाच्या नियमासोबत एक परिणाम-टिपण असावं. अडचण नेमकी काय आहे, कायद्याशिवाय ती सुटते का, भार कुणावर पडतो, फायदा कुणाला होतो आणि तीन वर्षांनी हे परत कोण तपासणार, हे सगळं त्यात यावं. अमेरिकेत मोठ्या नियमांसाठी खर्च आणि लाभाचा हिशेब १९८१ पासून सक्तीचा आहे. दक्षिण कोरियाने १९९७ मध्ये तसा कायदाच केला. ब्रिटनमध्ये २००९ पासून एक स्वतंत्र समिती खात्यांचे हे हिशेब तपासते आणि कच्चा वाटला तर तसं जाहीरपणे लिहिते.

आपल्याकडे केंद्राने नेमलेल्या दामोदरन समितीने २०१३ मध्ये हेच सुचवलं होतं. २०१४ मध्ये केंद्राने कायदे करण्यापूर्वीच्या सल्लामसलतीचं धोरण आणलं. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा, सोबत पर्यावरण, मूलभूत हक्क आणि बाधित लोकांची उपजीविका यांवर होणाऱ्या परिणामांचा अंदाज द्यायचा. पण ते केंद्राच्या मंत्रालयांसाठी आहे, आणि पाळलं नाही तरी कायदा अडत नाही.

गोव्याचं एक उदाहरण म्हणजे भूमिपुत्र विधेयक. ३० जुलै २०२१ रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, विरोधक सभागृहाबाहेर असताना ते मंजूर झालं. ३० वर्षं गोव्यात राहणाऱ्याला २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी मिळणार होती. लोक इतके खवळले की काही दिवसांत सरकारला ते राज्यपालांकडे पाठवणार नसल्याचं जाहीर करावं लागलं. अशी घरं किती आहेत, ती कुणाच्या जमिनीवर उभी आहेत, कोमुनिदादींच्या, म्हणजे गावांच्या सामाईक जमीन-संस्थांच्या, जमिनींचं काय होणार, हे आधी लिहून काढलं असतं तर ते विधेयक त्या रूपात सभागृहात आलंच नसतं.

बांधावरची

डिचोलीकर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मी विरोधात आहे. अमेरिकेतली १९८१ ची ती सक्ती राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने आली. उद्योगांवरचे नियम कमी करायचे हे त्यांचं उघड धोरण होतं आणि हिशेबाची सक्ती त्याचाच भाग होती. तिथलंच पुढचं सांगते. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसांचा कर्करोग होतो हे माहीत असताना तिथल्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये जवळपास संपूर्ण बंदी घातली. १९९१ मध्ये न्यायालयाने तिचा बहुतेक भाग रद्द केला. कमी जाचक पर्याय नीट तपासले नाहीत, खर्चाच्या मानाने लाभ सिद्ध झाला नाही, असं कारण दिलं. अमेरिकेत वापरात उरलेल्या क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी आली मार्च २०२४ मध्ये. मधल्या ३३ वर्षांत जी माणसं आजारी पडली ती कुठल्या रकान्यात मांडायची?

आता घरचं सांगते. माझे आजोबा कूळ होते. १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली आणि कसत होते ती जमीन त्यांची झाली. त्यावेळी तुमचं टिपण असतं तर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नुकसान रुपया-पैशांत लिहिलं गेलं असतं, कारण खंड आणि जमिनीचा भाव दोन्ही मोजता येतात. उद्या जमीन काढून घेतील ही भीती गेली, याला भाव कोण लावणार? ज्याचं नुकसान आधीच पैशात मोजलेलं असतं तो अशा हिशेबात जिंकतो. तो कायदा लोकांच्या रेट्यावर झाला. टिपणावर सोडला असता तर अजून चर्चाच चालू असती.

मानशीकडचा

ताई, कूळ कायदा व्हायलाच हवा होता, माझ्याही घरात तेच घडलं. पण तुमच्याच उदाहरणात डिचोलीकरांचा मुद्दा आहे.

खाजन शेती म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. मानस म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप. मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, त्यामुळे आतलं पाणी निघून जातं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. हे बांध पिढ्यानपिढ्या गावकारीने, म्हणजेच कोमुनिदादीने, सांभाळले. जमिनीच्या उत्पन्नातून त्यासाठी पैसा निघायचा आणि बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडलं की गाव धावायचा. जमीन कुळांची झाली तेव्हा ही सगळी व्यवस्था बदलली. खंड आटला, कोमुनिदादीचा हात आखडला. बांध कुणाचा, हा प्रश्न उघडा पडला. वर मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पावणी घेतली त्याला जास्त मासळी हवी, म्हणून दार नको तेव्हा उघडं राहतं आणि खारं पाणी आत येतं. कितीतरी ठिकाणी शेतं पडीक झाली, त्यांत खारफुटी वाढली. खारफुटीला संरक्षण आहे, म्हणून ती जमीन परत लागवडीखाली आणणंही कठीण झालं.

यात कुळांचा दोष नाही. ‘बांध कोण सांभाळणार, कुठल्या पैशातून?’ एवढा एक परिच्छेद त्यावेळी कुणीतरी प्रामाणिकपणे लिहायला हवा होता. त्याने कायदा अडला नसता, उलट पुरा झाला असता.

बांधावरची

तो परिच्छेद लिहिला गेला होता, बाब! १९७५ च्या नियमांनी बांधांची देखभाल कुळांच्या संघटनांवर टाकलीच होती. जबाबदारी लिहिली, पैसा आणि माणसं दिली नाहीत. म्हणजे कमतरता होती ती अंमलबजावणीची, लेखनाची नव्हे.

मानशीकडचा

जबाबदारी लिहिली, खर्च लिहिला नाही. माझा मुद्दा नेमका हाच आहे. बांधाच्या एका मीटरला वर्षाला काय लागतं आणि संघटनेकडे येणार किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर नियमातला खड्डा तेव्हाच दिसला असता.

पर्वरीत नोकरी केलेला

मी सचिवालयात होतो, म्हणून फक्त व्यवहाराचं बोलतो. अधिवेशन तोंडावर आलं की खात्याची धावपळ सुरू होते. मसुदा, कायदा खात्याची तपासणी, मंत्रिमंडळाची टिपणी, सगळं घाईत. त्यात आणखी एक टिपण सक्तीचं केलंत तर जुन्या फाईलमधून उतरवून काढलेलं मिळेल, वित्तीय ज्ञापनासारखं. खात्यात अर्थतज्ज्ञ नसतो, विभागप्रमुखाला सर्वेक्षणासाठी निधी नसतो.

म्हणून सरसकट नको. अमेरिकेतही पूर्ण हिशेब प्रत्येक नियमाला लागत नाही, वर्षाला १० कोटी डॉलरच्या पुढचा परिणाम ही तिथली प्रचलित मर्यादा. गोव्यात जमीन, घर, परवाना आणि मासेमारी या चार गोष्टींना हात लावणारे कायदे घ्या, बाकीचे सोडा. आणि टिपण लिहिणारं खातं वेगळं, तपासणारं वेगळं हवं. हे नसेल तर सुरुवातच करू नका.

सांगेकर

आमच्या खाणपट्ट्यातून बघा. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परिणामांचा अहवाल असतो, जनसुनावणी असते, सगळं असतं. अहवाल प्रकल्पवाल्याच्या पैशातून तयार होतो, त्यामुळे त्यात काय येणार ते गावाला आधीच ठाऊक असतं. एवढे अहवाल असूनही २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. आम्ही ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले कुठल्या अहवालात होतो? डोंगर पोखरून झऱ्यांचं पाणी गेलं त्या बागायती कुठे होत्या? ज्याच्याकडे सल्लागाराला द्यायला पैसा आहे त्याचंच म्हणणं अशा कागदात येतं. बांधावरच्या ताईंशी सहमत.

डिचोलीकर

सांगेकर, पैसे देणाराच अहवाल लिहितो तिथे तो पोकळ निघणार, हे मान्य. म्हणून पर्वरीच्या मित्राची ‘तपासणारा वेगळा’ ही अट मी माझ्या मागणीत घेतो.

ताई, हिशेब नेहमी उद्योगाच्याच बाजूने पडतो हे मात्र मान्य नाही. त्याच अमेरिकेत, त्याच रेगन यांच्या काळात, १९८५ मध्ये पेट्रोलमधल्या शिशाचा हिशेब झाला. मुलांच्या रक्तातलं शिसं, मोठ्यांचा रक्तदाब, गाड्यांची दुरुस्ती, सगळं मोजलं तेव्हा लाभ खर्चाच्या कितीतरी पट निघाला. एका गॅलनमधलं शिसं १.१ ग्रॅमवरून ०.१ ग्रॅमवर आणलं गेलं. मोजणाऱ्याने मुलांना मोजायचं ठरवलं म्हणून हे झालं.

आणि न मोजल्याने काय होतं तेही बघा. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ या कलमांखाली एकेका भूखंडाचा झोन बदलत आला. ३९अ मध्ये हरकतींना ३० दिवस आहेत, पण तेही त्या भूखंडापुरते. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे सगळे बदल एकत्र धरले तर किती भातशेती जाते, किती घरांना पाणी लागेल, रस्ता कुठून येईल, याचा हिशेब कायदा कुणालाच विचारत नाही. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केले, तेही लोकांनी स्वतःच्या खिशातून खटला लढवल्यावर. टिपण नसलं की त्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती नागरिक मोजतो.

बांधावरची

हा एकत्रित हिशेबाचा मुद्दा मला पटतो. कूळ कायद्याची २०१४ ची दुरुस्तीही आठवते. कुळांचे दावे मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयात नेले, दावे लावायला मुदत घातली, आणि पुढे ओरड झाल्यावर सगळं परत मामलेदारांकडे आलं. मधल्या फेऱ्यांत वकिलांचे पैसे कुळाने भरले. तिथे टिपण असतं तर चाललं असतं.

तरी माझ्या अटी ऐका. टिपण कोकणीत आणि मराठीत हवं. राजपत्रातलं इंग्रजी बांधावर कुणी वाचत नाही. पैशात न बसणारं नुकसान शब्दांत लिहायची मुभा हवी आणि त्याला आकड्याइतकंच वजन हवं. ज्या गावांवर परिणाम होतो त्या ग्रामसभांत ते वाचलं गेलं पाहिजे. आणि जिवाला धोका आहे तिथे टिपणाची वाट न पाहता बंदी घालता आली पाहिजे.

पर्वरीत नोकरी केलेला

शेवटची अट योग्य आहे. ग्रामसभेची मात्र झेपणार नाही. १९१ पंचायती आहेत, जमिनीचा कायदा सगळ्यांनाच लागतो. ग्रामसभा बहुतेक रविवारीच होतात, गणपूर्ती नाही म्हणून पुढे ढकलल्या जातात. विधेयक एका अधिवेशनातून पुढच्यात जाईल.

बांधावरची

जाऊ दे. जमिनीचा कायदा आम्ही पन्नास वर्षं भोगतो, तर तो करायला सरकारने सहा महिने जास्त घ्यावेत.