आयुष्याचं ध्येय एका ओळीत लिहा म्हणे, माझा कागद कोराच राहिला

कुपवाडवाला:
राम राम मंडळी. वय ३१, डिप्लोमा मेकॅनिकल, कुपवाड एमआयडीसीत आठ वर्षं क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात कंपनीत एक ट्रेनर आले होते, सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हणाले आयुष्याचं ध्येय एका ओळीत लिहा, दहा मिनिटं. शेजारच्यानं विश्वशांती लिहिलं आणि चहाला गेला. मी बसूनच. दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस आणि स्वतःबद्दल एक ओळ येईना. तेव्हापासून किडा डोक्यातून जात नाही. त्यात चाकणहून ऑफर आलीय, हातात १२ हजार जास्त, आठवड्यात कळवायचंय. हितली नोकरी वाईट नाही, दोन एकर ऊस आहे तो वडील बघतात. बायको म्हणते पोट भरलंय म्हणून सुचतंय हे. पण तुम्ही लोक कशाकडं बघून ठरवता? ध्येय आधी सापडतं आणि मग नोकरी निवडायची, का उलटं?

भडंग_स्पेशल:
भावा चाकणला जा आणि विषय संपव. वर्षाला १ लाख ४४ हजार होतात. ध्येय काय, तिकडं ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या सापडंल, वेळ भरपूर मिळतोय.

मिरजेचे_काका:
भडंगराव, तिथलं खोलीभाडं आणि मेस वजा करून सांगा की मग. असो. कुपवाडवाले, तुम्ही विचारलंय आधी काय आणि नंतर काय, तर आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले आणि तिथं कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. संपला की विषय. पण रंग सुटले तरी ड्रॉइंग सुटलं नाही, मेकॅनिकल ड्रॉइंगकडं वळले, मास्तरकी केली, ती सोडून बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. तेव्हा वय चाळीस. जे. जे.ला जाताना त्यांना तुमचा तो कागद दिला असता तर 'चित्रकार' लिहून मोकळे झाले असते, आणि चुकलं असतं.
त्याच कारखान्याचे नांगर विकायला काही काळ हिंडले ते भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. आता नांगर विकताना गावोगावची न शिकलेली पोरं बघूनच त्यांना हे सुचलं असं मी म्हणणार नाही, बोर्डिंगच्या कामात ते आधीपासून होतेच. पण पोटासाठी केलेली वणवण वाया गेली असंही कुणी म्हणू नये. (आमच्या शाळेत भिंतीवर फोटो होता, त्याखाली उभं राहून छड्या खाल्ल्यात.)

विश्रामबाग_ताई:
काका बरोबर, पण मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकून मला तरी अजून टेन्शन यायचं. मी चार वर्षं एमपीएससी केली, ध्येय विचारलं की झोपेतसुद्धा पोस्ट सांगायचे, आणि नंतर कळलं की ते माझं नव्हतंच, रूममेट सगळ्या तेच म्हणायच्या म्हणून मीपण. आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, बरी आहे.
पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते आपण दिवसातनं दहादा बघतो ना, ४० ला इशारा, ४५ ला धोका. पुढं किती येणार ते कुणालाच माहीत नसतं, पण चढतंय का उतरतंय एवढं कळतं. तसं पंधरा दिवस वहीत लिहा, आज कुठल्या कामात घड्याळ बघायचं विसरलो आणि कुठल्या कामात पाच पाच मिनिटांनी बघितलं. आणि अजून एक, रविवारी तुम्हाला कोण आणि कशासाठी फोन करतं? पैसे न देता लोक तुमच्याकडं जे मागायला येतात ना, ते बघा. चाकणला नक्की काम काय आहे ते लिहिलंच नाही तुम्ही, फक्त आकडा लिहिलाय.

भडंग_स्पेशल:
मला रविवारी फक्त पैसे उसने मागायला फोन येतात, माझं ध्येय पतसंस्था दिसतंय

कुपवाडवाला:
ताई, तुमच्या प्रश्नावर कालपासून अडकलोय. रविवारी फोन येतात ते आमच्याकडं अप्रेंटिस करून गेलेल्या आयटीआयच्या पोरांचे. ड्रॉइंगचा फोटो पाठवतात, ही खूण काय, हा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कसा धरायचा. गेल्या रविवारी दोघं घरीच आले, व्हर्नियरचा (मापं घ्यायच्या पट्टीचा) लीस्ट काउंट, म्हणजे तिच्यावर कळणारं सगळ्यात लहान माप, समजावता समजावता दुपारचे तीन वाजले, बायकोनं जेवण दोनदा गरम केलं. ह्याला मी काम म्हणून कधी मोजलंच नव्हतं.
चाकणचं काम सप्लायर ऑडिटचं आहे, लॅपटॉप आणि एक्सेल, मापं घ्यायच्या गेजला हात लागणार नाही. त्यांना फोन करून अजून एक आठवडा मागून घेतलाय, दिला. वडिलांना अजून काही बोललो नाही, ते ऑफर ऐकूनच गावभर पेढे वाटून बसलेत.
काका, मिरजेत कुणाकडं जुनी व्हर्नियर पडून असेल तर कळवा, साधी चालेल. माझ्याकडं एकच आहे आणि परवा तिघं येणार आहेत.